अमेरिकेतील विम्याची तक्रार: राज्याकडे न्यायची की वॉशिंग्टनकडे?

भारतात विमा हा राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टातील केंद्र सूचीचा विषय आहे. पॉलिसी नागपूरला काढलेली असो की मडगावला, नियम एकच आणि नियामकही एकच, हैदराबादचे आयआरडीएआय. याच सवयीने अमेरिकेत स्थायिक झालेला मराठी माणूस क्लेम अडकला की वॉशिंग्टनमधल्या तशाच एखाद्या कार्यालयाचा पत्ता शोधू लागतो आणि तो त्याला सापडत नाही, कारण तसे कार्यालयच अस्तित्वात नाही. तिथे विम्याचे नियमन मुळात राज्यांकडे आहे: 50 राज्ये, राजधानीचा जिल्हा आणि पाच प्रदेश मिळून 56 वेगवेगळे नियामक. मात्र या व्यवस्थेला फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कायद्यांनी इतके मोठे अपवाद केले आहेत की बहुतेक नोकरदार कुटुंबांची सर्वांत महत्त्वाची पॉलिसी, म्हणजे नोकरीतून मिळणारा आरोग्यविमा, बऱ्याचदा त्या अपवादांतच मोडते.

हा प्रश्न केवळ घटनात्मक चर्चेचा राहत नाही. अपिलाची मुदत किती, पुरावा कधी द्यायचा, बाहेरच्या डॉक्टरकडून फेरतपासणी मागता येते का, न्यायालयात गेल्यास काय मिळू शकते, हे सारे त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. ते उत्तर कार्डावर ठळक छापलेल्या कंपनीच्या नावावरून मिळत नाही. क्लेमचे पैसे शेवटी कोणाच्या तिजोरीतून जाणार आणि करार कोणत्या कायद्याखाली झाला आहे, हे शोधावे लागते. ते कसे शोधायचे, ते पुढे क्रमाने मांडले आहे.

आधी थोडा इतिहास

व्हर्जिनिया राज्याने परराज्यातील विमा कंपन्यांना अनामत ठेवल्याखेरीज व्यवसाय करण्यास मनाई केली होती. न्यूयॉर्कच्या कंपन्यांसाठी काम करणारा सॅम्युएल पॉल नावाचा एजंट अनामतीशिवाय पॉलिसी विकताना पकडला गेला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. 1869 साली न्यायालयाने सांगितले की विम्याची पॉलिसी हा स्थानिक करार आहे, तो आंतरराज्य व्यापार नव्हे. त्यामुळे काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, व्यापारविषयक अधिकारात तो येत नाही. पुढची 75 वर्षे हाच कायदा होता. 1944 मध्ये अटलांटाच्या साउथ-ईस्टर्न अंडररायटर्स असोसिएशनवर मक्तेदारीविरोधी खटला झाला, तेव्हा त्याच न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी उलट निकाल दिला. विमा हा आंतरराज्य व्यापार ठरला आणि राज्यांचे दरनियंत्रण, परवाने व प्रीमियमवरील कर, सगळेच एका दिवसात संशयास्पद झाले.

राज्ये आणि कंपन्या दोघेही धास्तावले. काँग्रेसने मार्च 1945 मध्ये मॅकॅरन-फर्ग्युसन कायदा करून अधिकार पुन्हा राज्यांच्या हवाली केले. या कायद्याचा गाभा असा की एखादा फेडरल कायदा खास विम्याच्या व्यवसायासंबंधी असल्याशिवाय तो राज्याच्या विमा कायद्याला बाद करू शकत नाही. एरवी अमेरिकेत फेडरल कायदा वरचढ असतो. इथे गणित उलटे आहे. त्याच कायद्याने विमा कंपन्यांना मक्तेदारीविरोधी कायद्यांतून बरीच सूट दिली. आरोग्यविम्यापुरती ती सूट जानेवारी 2021 मध्ये काढून घेण्यात आली, इतर विम्यांना ती अजून आहे.

2008 साली एआयजी ही विमा कंपनी कोसळताना अमेरिकी मध्यवर्ती बँकेला तिला 85 अब्ज डॉलरचे कर्ज द्यावे लागले. त्यानंतर 2010 च्या डॉड-फ्रँक कायद्याने अर्थखात्यात फेडरल इन्शुरन्स ऑफिस स्थापन केले. नाव ऐकून पुष्कळजण तिथे तक्रार पाठवतात. ते कार्यालय माहिती गोळा करते, अहवाल देते, आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत भाग घेते. ते कोणाला परवाना देत नाही आणि कोणाचा क्लेमही सोडवत नाही. त्या दारात वेळ घालवू नये.

पायरी 1: कागद समोर ठेवा

चार कागद लागतात: विम्याचे कार्ड, पॉलिसीचे पहिले पान, मूळ पॉलिसी किंवा योजनेची पुस्तिका, आणि क्लेम नाकारल्याचे पत्र. पहिल्या पानावर विमा देणाऱ्या कंपनीचे पूर्ण कायदेशीर नाव असते. ते जाहिरातीतल्या नावाहून वेगळे असू शकते, कारण एकाच समूहात दहा-पंधरा कायदेशीर कंपन्या असतात आणि परवाना प्रत्येकीचा वेगळा असतो. त्या नावासोबत विमा आयुक्तांच्या राष्ट्रीय संघटनेने, म्हणजे एनएआयसीने, कंपनीला दिलेला पाच आकडी क्रमांक शोधून टिपून ठेवावा. ही संघटना 1871 पासून आहे आणि राज्यांसाठी नमुना कायदे तयार करते. ती स्वतः नियामक नाही, पण तिच्या संकेतस्थळावर हा क्रमांक घालून कंपनीविरुद्धच्या तक्रारींचे प्रमाण पाहता येते. तक्रार निर्देशांक 1 म्हणजे बाजाराच्या सरासरीइतक्या तक्रारी, 2 म्हणजे दुप्पट.

नकारपत्राची तारीख आणि ते हाती पडल्याची तारीख, दोन्ही पाकिटासकट जपाव्यात. पुढच्या बहुतेक मुदती तिथून मोजल्या जातात.

पायरी 2: स्वतः विकत घेतलेली पॉलिसी

मोटार, घर, भाड्याच्या घरातले सामान, स्वतः काढलेला आयुर्विमा, दुकानाचा विमा: यांचा नियामक राज्याचा विमा विभाग. प्रत्येक राज्यात त्याचे नाव वेगळे आहे. न्यू जर्सीत बँकिंग आणि विमा एकाच विभागात आहेत, न्यूयॉर्कमध्ये 2011 पासून डिपार्टमेंट ऑफ फायनान्शियल सर्व्हिसेस आहे, टेक्सासमध्ये स्वतंत्र विमा विभाग. कॅलिफोर्नियाचा विमा आयुक्त तर मतदारांनी निवडून दिलेला असतो, कारण 1988 च्या प्रपोझिशन 103 ने ते पद निवडणुकीचे केले आणि मोटार व घरविम्याचे दर लागू होण्याआधी आयुक्ताची मंजुरी सक्तीची केली.

राज्य बदलले की नियम किती बदलतात, याचा अंदाज मोटारविम्यावरून येतो. न्यू हॅम्पशायर सोडल्यास जवळपास सर्वत्र तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे, पण किमान रकमा वेगळ्या. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून एका व्यक्तीच्या इजेसाठी किमान 30,000 डॉलर, एका अपघातातील सर्व इजांसाठी 60,000 आणि मालमत्तेच्या नुकसानासाठी 15,000 डॉलरचे संरक्षण लागते. आधी हेच आकडे 15,000, 30,000 आणि 5,000 होते. कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स आणि हवाई इथे मोटारविम्याचा दर ठरवताना क्रेडिट स्कोअर वापरता येत नाही, बहुतेक इतर राज्यांत येतो. नुकत्याच आलेल्या, क्रेडिटचा इतिहास नसलेल्या माणसाला हा फरक प्रीमियममध्ये सरळ दिसतो.

कोणते राज्य लागू, हा प्रश्न घर बदलताना उद्भवतो. घरविम्यात ते घर जिथे आहे ते राज्य. मोटारविम्यात साधारणपणे गाडी जिथे नोंदवलेली व ठेवलेली असते ते. एडिसनहून डॅलसला गेल्यावर जुनी न्यू जर्सीची पॉलिसी चालवत राहणे धोक्याचे आहे, मग कंपनी दोन्हीकडे तीच का असेना. आयुर्विम्याची पॉलिसी मात्र बरोबर येते. तिच्या अटी ती काढली त्या राज्याच्या कायद्यानुसार राहतात आणि तक्रार नव्या राज्यातही नोंदवता येते.

घरविमा घेताना एजंट ‘सरप्लस लाइन्स’ असे म्हणाला तर कान टवकारावेत. याचा अर्थ विमा देणारी कंपनी त्या राज्यात नेहमीचा परवाना घेतलेली नाही. वणव्यांच्या पट्ट्यात किंवा फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर परवानाधारक कंपनी घराचा विमाच देत नसेल, तेव्हा असा विमा घ्यावा लागतो आणि तो बेकायदा नाही. पण राज्य तिचे दर व मसुदे तपासत नाही, आणि न्यू जर्सीसारखा अपवाद सोडला तर कंपनी बुडाल्यास राज्याच्या हमी निधीचे संरक्षणही मिळत नाही. परवानाधारक कंपनी बुडाली तर बहुतेक राज्यांत आयुर्विम्याच्या मृत्यूलाभाला 300,000 डॉलरपर्यंत आणि ॲन्युइटीला, म्हणजे ठरावीक काळाने रक्कम देणाऱ्या करारांना, 250,000 डॉलरपर्यंत हमी असते. विक्री करताना या हमीचा उल्लेख करण्यास एजंटांना मनाई आहे, त्यामुळे ते स्वतःहून सांगणार नाहीत.

पायरी 3: नोकरीतून मिळालेला आरोग्यविमा

इथे सर्वाधिक लोक चुकीच्या दारात उभे राहतात, म्हणून थोडे थांबून पाहू.

कंपनी आपल्या कर्मचाऱ्यांना आरोग्यविमा दोन प्रकारे देते. पहिल्या प्रकारात ती विमा कंपनीला प्रीमियम भरते आणि क्लेमचे पैसे विमा कंपनी स्वतःच्या भांडवलातून देते. दुसऱ्यात क्लेमचे पैसे नियोक्ताच आपल्या खात्यातून देतो. नामांकित विमा कंपनी फक्त कार्ड छापते, डॉक्टर व रुग्णालयांचे नेटवर्क पुरवते, कागद तपासते आणि त्याची फी घेते. या दुसऱ्या प्रकाराला ‘सेल्फ-फंडेड’ म्हणतात. नोकरीतून विमा मिळणाऱ्या अमेरिकनांपैकी साठ टक्क्यांच्या आसपास लोक अशाच योजनांत आहेत आणि मोठ्या कंपन्यांत तर हाच शिरस्ता आहे. दोन शेजाऱ्यांच्या पाकिटात एकाच रंगाचे, एकाच बोधचिन्हाचे कार्ड असते. एकाचा नियामक राज्य आणि दुसऱ्याचा फेडरल कामगार खाते असू शकते.

याचे मूळ 1974 च्या ‘एरिसा’ कायद्यात आहे. कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनासाठी झालेल्या या कायद्यात तीन कलमे एकापाठोपाठ येतात. पहिले म्हणते की कर्मचारी-लाभ योजनांशी संबंधित राज्यांचे कायदे बाद. दुसरे म्हणते की विम्याचे नियमन करणारे राज्यांचे कायदे मात्र शाबूत. तिसरे म्हणते की नियोक्त्याच्या योजनेला विमा कंपनी मानून दुसऱ्या कलमाचा आधार घेता येणार नाही. तिन्ही एकत्र वाचली की निष्कर्ष निघतो: नियोक्त्याने विमा विकत घेतला असेल तर राज्याचे विमा कायदे त्या विमा कंपनीवर चालतात; नियोक्ता स्वतः पैसे देत असेल तर चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 1985 आणि 1990 च्या निकालांत हीच रेघ पक्की केली.

परिणाम किती ठोस असतो ते पाहा. न्यू जर्सीच्या कायद्यानुसार 50 हून अधिक कर्मचाऱ्यांच्या गटविम्यात वंध्यत्वावरील उपचारांचा समावेश करावा लागतो. समजा, तिथल्या एका जोडप्याला आयव्हीएफचा खर्च नाकारला गेला आणि त्यांनी तो कायदा छापून अपिलाला जोडला. योजना सेल्फ-फंडेड असेल तर त्या कायद्याचा काही उपयोग नाही. नियोक्त्याने स्वखुशीने हा लाभ ठेवला आहे का, एवढेच पाहायचे. राज्याचा विमा विभागही ‘हे आमच्या अखत्यारीत नाही’ असे पत्र पाठवेल. ते पत्र येईपर्यंत काही आठवडे निघून गेलेले असतात.

आपली योजना कोणती, हे ओळखण्याचे मार्ग असे. कार्ड उलटून बारीक अक्षरे वाचावीत. ‘अमुक कंपनी केवळ प्रशासकीय सेवा पुरवते, आर्थिक जोखीम पत्करत नाही’ अशा अर्थाचे वाक्य असेल तर योजना सेल्फ-फंडेड. टेक्सासमध्ये राज्याच्या नियमनाखालील पॉलिसीच्या कार्डावर ‘टीडीआय’ किंवा ‘डीओआय’ ही अक्षरे असतात. ती नसतील तर फेडरल बाजूचा संशय धरावा. सर्व राज्यांनी ही अक्षरे सक्तीची करायला हवीत असे माझे मत आहे, कारण एवढ्या शाईने हजारो चुकीचे अर्ज वाचतील.

कार्डावर काही नसेल तर एचआरला लेखी विचारावे. तोंडी प्रश्नाला ‘आपला विमा अमुक कंपनीचा आहे’ असे उत्तर येते आणि ते खरे असूनही निरुपयोगी असते. ईमेलमध्ये तीन गोष्टी मागाव्यात: ही योजना विमा कंपनीने पूर्णपणे विमित केलेली आहे की नियोक्ता आपल्या निधीतून क्लेम देतो, योजनेचा कायदेशीर प्रशासक कोण, आणि योजनेचे सारांशपत्रक व मूळ दस्तऐवज यांच्या प्रती. प्रशासकाने लेखी मागणीनंतर 30 दिवसांत हे दस्तऐवज द्यायचे असतात. न दिल्यास न्यायालय त्याला दर दिवसाला 110 डॉलरपर्यंत दंड करू शकते. या दंडाचा उल्लेख पहिल्याच ईमेलमध्ये करू नये. एचआरमधल्या माणसाशी उद्याही काम असते. दुसऱ्या स्मरणपत्रात मात्र तो सौम्य शब्दांत करायला हरकत नाही.

आणखी एक वाट आहे. साधारणपणे 100 किंवा अधिक सदस्यांच्या योजना दरवर्षी कामगार खात्याकडे फॉर्म 5500 भरतात आणि तो खात्याच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. त्यातल्या नवव्या रकान्यात लाभाचे पैसे विम्यातून येतात, ट्रस्टमधून की नियोक्त्याच्या सर्वसाधारण मालमत्तेतून, याच्या चौकटी असतात.

छोट्या आयटी कन्सल्टिंग फर्ममध्ये काम करणाऱ्यांनी ‘लेव्हल-फंडेड’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. दरमहा ठरावीक रक्कम कापली जात असल्याने ती योजना विम्यासारखी दिसते. कायद्याच्या दृष्टीने ती सेल्फ-फंडेड असते. मोठ्या क्लेमसाठी नियोक्त्याने मागे स्टॉप-लॉस विमा घेतलेला असतो, इतकेच. राज्य सरकार, शहर, सार्वजनिक विद्यापीठ किंवा चर्च यांच्या नोकरीत असाल तर एरिसा सहसा लागूच होत नाही, तेव्हा वरचा सारा हिशेब बाजूला ठेवून त्या संस्थेच्या योजनेचे नियम पाहावेत.

योजना एरिसाखाली आहे असे ठरले की पुढची कृती अशी. नकारपत्र मिळाल्यापासून योजनेकडेच अंतर्गत अपील करण्यास किमान 180 दिवस मिळतात. तातडीच्या उपचाराच्या अपिलाचा निर्णय 72 तासांत, उपचाराआधीच्या मंजुरीचा 30 दिवसांत आणि झालेल्या उपचाराच्या बिलाचा 60 दिवसांत द्यावा लागतो. योजनेत अपिलाचे दोन टप्पे असतील तर तेवढाच वेळ दोन्ही टप्प्यांत विभागला जातो. अपिलासोबत संपूर्ण क्लेम फाइल विनामूल्य मागावी: कोणत्या निकषावर नकार दिला, कोणत्या तज्ज्ञाचे मत घेतले, अंतर्गत टिपणे काय आहेत.

अपील हा औपचारिक सोपस्कार समजून दोन ओळी लिहून पाठवणे महागात पडते. पुढे न्यायालयात गेल्यास न्यायाधीश बहुधा अपिलाच्या वेळी फाइलमध्ये असलेलाच पुरावा पाहतात. योजनेने निर्णयाचा स्वेच्छाधिकार स्वतःकडे राखलेला असेल तर निर्णय ‘अवाजवी’ होता का, एवढेच तपासतात. म्हणून डॉक्टरांचे सविस्तर पत्र, चाचण्यांचे अहवाल, वैद्यकीय संघटनांची मार्गदर्शक तत्त्वे, सारे काही अपिलातच जोडावे. शिवाय एरिसाखाली जिंकल्यावर मूळ लाभ आणि कदाचित वकिलाची फी मिळते. मनस्ताप किंवा नकारामुळे प्रकृती बिघडल्याची भरपाई, राज्याच्या कायद्यात मिळू शकणारी दंडात्मक रक्कम, हे मिळत नाही. 1987 आणि 2004 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी ती दारे बंद केली आहेत. कर्मचाऱ्यांच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्याचा हा उलटा परिणाम अनेक न्यायाधीशांनाही खटकलेला आहे.

मदतीसाठी कामगार खात्याच्या एबसा या शाखेत लाभ सल्लागार असतात. क्रमांक 1-866-444-3272. ते तुमचे वकील होत नाहीत, पण योजनेला फोन करून नियमांची आठवण करून देतात आणि त्याने पुष्कळ क्लेम हलतात.

नोकरीतून मिळालेला आयुर्विमा आणि अपंगत्व विमा यांच्यावर दोन्ही बाजूंचा अंमल असतो. त्यांवर एरिसाची प्रक्रिया लागू होते, पण ते सहसा विमा कंपनीने दिलेले असल्याने राज्याचे काही विमा नियमही टिकतात. वर सांगितलेले स्वेच्छाधिकाराचे कलम कॅलिफोर्निया, टेक्सास, इलिनॉय अशा राज्यांनी विमा पॉलिसींत निषिद्ध ठरवले आहे; अपंगत्वाच्या क्लेममध्ये हा मुद्दा वकिलाला आवर्जून विचारावा.

पायरी 4: पूर्णपणे फेडरल असलेले विमे

पुराचा विमा हा यातला सर्वांत फसवा. साध्या घरविम्यात बाहेरून आत आलेल्या पुराचे पाणी बसत नाही. सप्टेंबर 2021 मध्ये आयडा वादळाच्या अवशेषांनी न्यू जर्सीत तळघरे भरली, तेव्हा अनेक कुटुंबांना हे प्रथम कळले. पूरविमा मुख्यत्वे 1968 च्या कायद्याने सुरू झालेल्या राष्ट्रीय योजनेतून मिळतो आणि ती फेमा या फेडरल आपत्ती व्यवस्थापन संस्थेकडे आहे. पॉलिसीवर खासगी कंपनीचे नाव असले तरी बऱ्याचदा ती फेमाच्या वतीनेच पॉलिसी चालवत असते, आणि तिच्यावर राज्याचे क्लेमविषयक कायदे लागू होत नाहीत. एका कुटुंबाच्या घरासाठी इमारतीला कमाल 250,000 डॉलर आणि सामानाला 100,000 डॉलर. पॉलिसी लागू व्हायला सहसा 30 दिवस लागतात, म्हणजे वादळाचा इशारा आल्यावर ती घेऊन उपयोग नाही. तळघरातली भट्टी, पाणी तापवण्याची टाकी अशा मोजक्या गोष्टी बसतात. तिथे घातलेली लाकडी जमीन आणि सोफा बसत नाहीत. नुकसानाचे सहीनिशी निवेदन 60 दिवसांत द्यायचे असते, नकारानंतर 60 दिवसांत फेमाकडे अपील करता येते, आणि दावा लेखी नकारापासून एका वर्षात फेडरल न्यायालयातच दाखल करावा लागतो. पूर्णतः खासगी पूरविमाही मिळतो आणि तो राज्याच्या नियमनाखाली असतो, म्हणून पहिल्या पानावर तो राष्ट्रीय योजनेचा आहे का, ते वाचावे.

मेडिकेअर, म्हणजे मुख्यत्वे 65 वर्षांवरील लोकांचा सरकारी आरोग्यविमा, फेडरल आहे. तिच्या जागी घेतलेल्या मेडिकेअर ॲडव्हांटेज योजनांचा राज्याकडे फक्त परवाना आणि आर्थिक सक्षमता एवढाच भाग असतो. लाभ, नकार, अपील यांसाठी 1-800-633-4227. मेडिकेअरला पूरक म्हणून घेतलेली मेडिगॅप पॉलिसी मात्र फेडरल साच्यातली असूनही तिचे नियमन राज्य करते. आईवडील 65 वर्षांचे झाल्यावर मेडिकेअरचा भाग ‘ब’ सुरू झाला की पहिल्या सहा महिन्यांत प्रकृतीचे कारण सांगून मेडिगॅप नाकारता येत नाही. न्यूयॉर्क आणि कनेक्टिकटमध्ये ही मुभा वर्षभर असते, इतर बहुतेक ठिकाणी ते सहा महिने गेले की कंपनीच्या मर्जीवर. प्रत्येक राज्यात ‘शिप’ नावाचा विनामूल्य समुपदेशन कार्यक्रम आहे. एजंटशी बोलण्याआधी तिथे बोलावे.

फेडरल कर्मचाऱ्यांचा आरोग्यविमा त्यांच्या कार्मिक कार्यालयाकडे आहे, सैनिकांचा आयुर्विमा माजी सैनिक खात्याकडे.

पायरी 5: जिथे दोन्ही सरकारे हजर असतात

एक्स्चेंजवरून, म्हणजे आरोग्यविम्याच्या सरकारी बाजारपेठेतून, घेतलेल्या पॉलिसीवर 2010 च्या आरोग्यविमा कायद्याचे (‘ओबामाकेअर’) नियम चालतात: जुन्या आजारावरून नकार नाही, मुले 26 वर्षांची होईपर्यंत पालकांच्या पॉलिसीत. अंमलबजावणी प्रथम राज्य करते. सबसिडी किंवा नोंदणीचा वाद असेल तर तो एक्स्चेंजचा. क्लेमचा वाद असेल तर विमा विभागाचा. कॅलिफोर्नियात यातही आणखी एक फाटा आहे. तिथल्या एचएमओ (ठरलेल्या नेटवर्कपुरत्या) आणि बऱ्याच पीपीओ (नेटवर्कबाहेरही चालणाऱ्या) योजना विमा विभागाकडे नसून डिपार्टमेंट ऑफ मॅनेज्ड हेल्थ केअरकडे असतात.

नोकरी गेल्यावर विमा चालू ठेवण्याचा कोब्राचा हक्क फेडरल आहे आणि 20 किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपनीला लागू होतो: निवडीसाठी 60 दिवस, सहसा 18 महिने संरक्षण. लहान कंपनी असेल तर राज्याचा स्वतःचा कायदा पाहावा.

तातडीच्या उपचारानंतर नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरचे अनपेक्षित बिल आले तर 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेला फेडरल कायदा सेल्फ-फंडेड आणि विमित दोन्ही योजनांना संरक्षण देतो, क्रमांक 1-800-985-3059. रस्त्यावरच्या रुग्णवाहिकेचे बिल यात येत नाही, आणि नेमके तेच बिल पुष्कळांना येते.

व्हेरिएबल, म्हणजे परतावा बाजाराशी जोडलेले, ॲन्युइटी आणि आयुर्विमा हे 1959 पासूनच्या निकालांनुसार रोखेही मानले जातात, म्हणून विक्रेत्याने दिशाभूल केल्यास राज्याच्या विमा विभागासोबत रोखे विक्रेत्यांवर देखरेख करणाऱ्या फिनराकडेही जावे.

भेटीला येणाऱ्या आईवडिलांसाठी घेतलेल्या अल्पकालीन विम्याला 2010 च्या आरोग्यविमा कायद्याचे संरक्षण नाही. आधीपासूनचा मधुमेह किंवा हृदयविकार यांत ‘अचानक उद्भवलेली तीव्र अवस्था’ एवढेच बसते आणि तिची व्याख्या पॉलिसीगणिक बदलते. पॉलिसी अमेरिकेत घेतली असेल तर प्रमाणपत्र कोणत्या राज्यात वितरित झाले ते पाहावे. पुण्याहून निघताना भारतीय कंपनीकडून घेतली असेल, तर बिल ह्यूस्टनच्या रुग्णालयाचे असले तरी नियामक आयआरडीएआयच. आधी कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी, मग बीमा भरोसा पोर्टल आणि मुंबई किंवा पुण्याचे विमा लोकपाल.

पायरी 6: राज्याकडे तक्रार कशी मांडावी

विमा विभागाचा तक्रार अर्ज विनामूल्य आणि ऑनलाइन असतो. विभाग तो कंपनीकडे पाठवून ठरावीक मुदतीत लेखी उत्तर मागवतो. कंपनीने क्लेमला वेळेत उत्तर दिले का, पॉलिसीतील कलम दाखवून नकार दिला का, राज्याचा कायदा पाळला का, हे विभाग तपासू शकतो. अपघातात चूक कोणाची किंवा छताचे नुकसान किती डॉलरचे, असा वस्तुस्थितीचा वाद तो सोडवत नाही. त्यासाठी पॉलिसीतील अप्रेझल, म्हणजे नुकसानाच्या मूल्यांकनाची तरतूद, किंवा न्यायालय. हे ठाऊक नसल्याने लोक तीन पाने नुकसानाच्या वर्णनात घालवतात.

त्याऐवजी तारखांचा तक्ता द्यावा. कॅलिफोर्नियाचे नियम उदाहरणार्थ घ्या: क्लेमची पोच 15 दिवसांत, आणि पुरावा मिळाल्यावर स्वीकार किंवा नकार 40 दिवसांत. ‘3 मार्चला पुरावा दिला, 12 एप्रिलला मुदत संपली, 20 मेपर्यंत उत्तर नाही’ या एका ओळीवर विभागाला लगेच कारवाई करता येते. सोबत पॉलिसी क्रमांक, क्लेम क्रमांक, कंपनीचे कायदेशीर नाव आणि नेमकी मागणी लिहावी.

प्रीमियम अचानक वाढला असेल तर ‘सर्फ’ या प्रणालीचा उपयोग होतो. कंपन्या दरांचे आणि मसुद्यांचे प्रस्ताव तिच्यातून राज्यांकडे दाखल करतात आणि बहुतेक राज्यांत ते लोकांना पाहण्यास खुले असतात. कंपनीने राज्यभर किती टक्के वाढ मागितली, हे कळले की वाढ सर्वांना लागू आहे की केवळ आपल्याला, याचा उलगडा होतो.

पायरी 7: बाहेरची फेरतपासणी आणि मुदतींचे वेळापत्रक

वैद्यकीय गरजेच्या कारणावरून आरोग्यविम्याचा क्लेम नाकारला आणि अंतर्गत अपीलही फेटाळले गेले, तर साधारणपणे चार महिन्यांत स्वतंत्र तज्ज्ञांकडून फेरतपासणी मागता येते. विमित योजनेत ती राज्याच्या व्यवस्थेतून होते, सेल्फ-फंडेड योजनेत फेडरल नियमांनुसार योजनेने नेमलेल्या स्वतंत्र संस्थेकडून. नेहमीचा निर्णय 45 दिवसांत, तातडीचा 72 तासांत, आणि तो योजनेवर बंधनकारक असतो. हा मार्ग लोक फार कमी वापरतात, खरे तर वकील गाठण्याआधी हाच वापरून पाहावा.

एक सावधगिरी उरते. चुकीच्या नियामकाकडे दिलेली तक्रार, किंवा योग्य नियामकाकडे दिलेलीही, अपिलाची वा दाव्याची मुदत थांबवत नाही. पूरविम्यात फेमाकडे अपील चालू असतानाही न्यायालयाचे एक वर्ष पुढे सरकतच असते. म्हणून योजना कोणाच्या अखत्यारीत आहे याची खात्री होण्याची वाट न पाहता अंतर्गत अपील आधी, मुदतीच्या आत, पोच मिळेल अशा रीतीने पाठवावे. एचआरचे उत्तर आले की मगच राज्याचा अर्ज भरायचा की एबसाला फोन लावायचा ते ठरवावे.